शाळेतले गुण खरे किती? कोकणातल्या नामांकित खासगी शाळा आणि गुणांची खिरापत

सुरंगी

चिपळूण, रत्नागिरी, कणकवली, कुडाळ, सावंतवाडी या पट्ट्यातल्या नावाजलेल्या खासगी शाळांबद्दल हा धागा आहे. प्रवेशाच्या वेळी 'मुलाशी संवाद' या नावाखाली निवड होते, फी चांगलीच असते, आणि सहामाहीचं प्रगतिपुस्तक हातात आलं की वर्गातली बरीचशी मुलं नव्वदीच्या पुढे असतात. पालकसभा संपल्यावर फाटकाबाहेर सगळे याच विषयावर बोलतात. सभेत मात्र कोणी तोंड उघडत नाही.

तीन गोष्टी हव्या आहेत. गुण फुगलेत हे कशावरून ओळखायचं? ते नेमके कुठे फुगतात? आणि शाळेकडे काय मागायचं, म्हणजे शिक्षकांना दुखावल्यासारखं होणार नाही आणि मुलालाही त्रास होणार नाही?

कुठल्याही शाळेचं नाव लिहू नये ही विनंती. विषय पद्धतीचा आहे.

खडूफळा

चांगला विषय. तुमच्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बहुतेक पालकांची समजूत असते की पेपर सैल तपासला म्हणून गुण वाढले. तपासणीत वाढतात ते थोडेच. खरी वाढ पेपर निघतो तेव्हाच होऊन गेलेली असते.

पहिली जागा म्हणजे पोर्शन. घटक चाचणी दोन धड्यांवर घ्यायची आणि सहामाहीत तेच दोन धडे पुन्हा जास्त वजनाने आणायचे. आपल्याकडे यात पावसाचीही भर पडते. जुलै-ऑगस्टमध्ये अतिवृष्टीचा इशारा आला की जिल्हाधिकारी सुट्टी जाहीर करतात, मग गणपतीची मोठी सुट्टी. पहिली चाचणी या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी कोंबली जाते. शिकवून झालेलं थोडं, म्हणून पोर्शन कापला जातो. कापायला हरकत नाही, पण तो भाग नंतरच्या परीक्षेत परत आला पाहिजे. बऱ्याच ठिकाणी येत नाही. मूल त्या धड्यावर कधीच तपासलं गेलेलं नसतं आणि प्रगतिपुस्तकावर मात्र ९४ असतात.

दुसरी जागा 'महत्त्वाचे प्रश्न'. परीक्षेआधी आठवडाभर तीस-चाळीस प्रश्नांची यादी वहीत लिहून देतात आणि पेपर त्यातूनच निघतो. गणितात तर आकडेसुद्धा बदललेले नसतात. काही शाळा प्रकाशकाच्या तयार प्रश्नपत्रिका वापरतात आणि तोच संच गावातल्या क्लासवाल्याकडेही असतो.

तिसरी जागा, संविधान तक्ता नसणे. प्रश्नपत्रिका काढण्याआधी कुठल्या धड्याला किती गुण, आणि त्यातले ज्ञान, आकलन, उपयोजन, कौशल्य यांना किती, असा तक्ता करायचा असतो. तो न करता पेपर काढला की सगळं वजन 'ज्ञान' या रकान्यात जातं, म्हणजे पाठांतरात. पेपर कागदावर अवघड दिसतो, मोठाही असतो, पण त्यात नवीन काहीच नसतं.

चौथी जागा अंतर्गत गुण. त्यावर स्वतंत्र लिहावं लागेल.

याची मुळं शिक्षकांच्या आळसात शोधू नका. विनाअनुदानित शाळेतला बराचसा शिक्षकवर्ग कंत्राटी असतो, दरवर्षी नेमणूक नव्याने. वर्गातल्या पंधरा मुलांना साठ टक्के दिले तर पंधरा पालक कार्यालयात येतात आणि व्यवस्थापन शिक्षकालाच विचारतं, "तुमच्याच विषयात कमी का?" शिकवणारा तोच, पेपर काढणारा तोच, तपासणाराही तोच. अशा रचनेत गुण खाली राहणं कठीण आहे.

ओहोळ

ह्या लिवलास तां बरां केलास, सर. पेपर घरी दाखवत नाहीत तोच खरा प्रश्न. प्रगतिपुस्तकावर सही करायची आणि परत द्यायचं, बस.

बेरीज_वजाबाकी

खडूफळा यांच्या चौथ्या मुद्द्याचं गणित मांडते.

सीबीएसईच्या दहावीत ८० लेखी आणि २० अंतर्गत. हे २० चार भागांत विभागलेले आहेत: नियतकालिक चाचण्या ५, बहुविध मूल्यमापन ५, पोर्टफोलिओ ५, विषयसमृद्धी उपक्रम ५. चाचण्या किमान तीन घ्यायच्या आणि उत्तम दोनची सरासरी धरायची. समजा ४० गुणांच्या तीन चाचण्यांत मुलाला २२, २८ आणि ३१ मिळाले. तिन्हींची सरासरी २७, म्हणजे साडेसदुसष्ट टक्के. उत्तम दोनची सरासरी साडेएकोणतीस. ती ५ पैकी केली की ३.६९ येते आणि पूर्णांकात ४ होते. साडेसदुसष्ट टक्क्यांचे इथेच ऐंशी झाले, आणि नियम कोणी मोडला नाही. पुढच्या तीन भागांत सरसकट ५-५ टाकले की २० पैकी १९. याच मुलाला लेखीत ८० पैकी ४८ असतील तर ते ६० टक्क्यांचं काम आहे, गुणपत्रकावर मात्र ६७ दिसतात.

राज्य मंडळातही ८० अधिक २० हीच रचना आहे. भाषांना तोंडी आणि स्वाध्याय, गणिताला गृहपाठ आणि बहुपर्यायी चाचणी, विज्ञानाला प्रात्यक्षिक. २० पैकी २० दिले तर ३५ ची बेरीज गाठायला ८० पैकी १५ उरतात. इतक्या कमी लेखनावर जो मुलगा काठावर पास होतो, त्याच्या घरी "पास झाला" एवढंच कळतं.

पालकांनी एक वजाबाकी करावी. अंतर्गत गुणांची टक्केवारी वजा लेखीची टक्केवारी, विषयवार. दहा-पंधराचा फरक समजण्यासारखा आहे, कारण उपक्रमात मूल वेळ घेऊन काम करतं आणि त्याला मदतही मिळते. फरक तीस-चाळीसच्या घरात असेल आणि वर्गातल्या जवळजवळ सगळ्यांना १८ ते २० असतील, तर त्या २० गुणांतून कुणाबद्दलच काही कळत नाही. ही तफावत बोर्डांनाही दिसते. २०२४ मध्ये सीबीएसईने सुमारे ५०० शाळांत लेखी आणि प्रात्यक्षिकाच्या गुणांत मोठा फरक आढळल्याचं जाहीर करून शाळांना समज दिली होती.

कातळसडा

कोकण विभागाचा निकाल पाहिला की बाहेरचे लोक लगेच म्हणतात, तिकडे गुण वाटतात. या धाग्यावरही कोणीतरी ते म्हणेल, म्हणून आधीच आकडे देतो. कोकण विभागात रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे दोनच जिल्हे आहेत. रायगड मुंबई विभागात मोडतो. दहावीला विद्यार्थी सुमारे २७ हजार.

२०१८ मध्ये राज्याचा निकाल ८९.४१ टक्के होता, कोकणचा ९६ टक्के. २०१९ ला भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे २० तोंडी-अंतर्गत गुण काढून टाकले होते. त्या वर्षी राज्य ७७.१० वर आलं, कोकण ८८.३८ वर. पुढच्या वर्षी ते २० गुण परत आले आणि राज्य ९५.३०, कोकण ९८.७७. २०२५ चे आकडे ९४.१० आणि ९८.८२.

यातून दोन गोष्टी दिसतात. अंतर्गत गुण गेल्यावर आपलाही निकाल साडेसात टक्क्यांनी पडला, म्हणजे २० गुणांचा टेकू आपल्यालाही आहे. पण टेकू काढला त्या वर्षीही कोकण पहिलाच होता आणि राज्यापेक्षा अकरा टक्क्यांनी वर होता. बोर्डाच्या लेखी उत्तरपत्रिकेवर बारकोड असतो, मुलाचं आणि शाळेचं नाव परीक्षकाला दिसत नाही, वर नियामक नमुन्याने पुन्हा तपासतो. त्या ८० गुणांवर शाळेचा हात पोहोचत नाही.

एक सावधगिरी. २०१९ लाच दहावीचा नवा अभ्यासक्रम पहिल्यांदा परीक्षेला आला होता, त्यामुळे सगळी घसरण तोंडी गुणांच्या खात्यावर टाकता येणार नाही. २०२० मध्ये टाळेबंदीमुळे भूगोलाचा पेपर झाला नाही आणि त्याचे सरासरीने गुण दिले गेले, तेही लक्षात ठेवावं.

बेरीज_वजाबाकी

२०२१ हे याहून स्पष्ट उदाहरण आहे. परीक्षाच झाली नाही. नववीच्या निकालाचे ५०, दहावीच्या अंतर्गत लेखी परीक्षांचे ३० आणि गृहपाठ-तोंडी-प्रात्यक्षिकाचे २०, असे शंभर शाळेनेच भरले. राज्याचा निकाल ९९.९५ टक्के लागला, कोकणचा १०० टक्के. सीबीएसईने त्याच वर्षी शाळेने भरलेल्या गुणांना त्या शाळेच्या आधीच्या तीन वर्षांतल्या सर्वोत्तम निकालाची वेसण घातली होती आणि निकाल समितीत शेजारच्या शाळांतले दोन शिक्षक बसवले होते. शाळेने दिलेले गुण जसेच्या तसे घेता येत नाहीत हे बोर्डालाही माहीत होतं, हा त्याचा अर्थ.

खाडीकाठ

मला वेगळी बाजू मांडायची आहे. बाकीच्या सगळ्या शाळा २० पैकी २० देणार आणि आपल्याच शाळेने प्रामाणिकपणे १४ द्यायचे, तर नुकसान आपल्या मुलांचं. पाच विषय धरले तर प्रत्येकी ६ गुणांप्रमाणे ५०० पैकी ३० गुण गेले, म्हणजे सरळ ६ टक्के. २०२५-२६ पासून अकरावीचा ऑनलाइन प्रवेश राज्यभर केंद्रीय पद्धतीने होतो, आपले जिल्हेही त्यात आले. यादी बेरजेवर लागते. लेखी किती आणि अंतर्गत किती हे कोणी बघत नाही. चांगल्या कॉलेजच्या विज्ञान शाखेत ६ टक्क्यांनी मूल कुठल्या कुठे जातं.

म्हणून "गुण कमी करा" अशी मागणी पालकांनी घेऊन जाऊ नये. दुसऱ्या पालकांच्या मुलांवर तो अन्याय होईल.

खडूफळा

खाडीकाठ, तुमचं गणित बरोबर आहे आणि दहावीच्या २० गुणांबाबत एकटी शाळा काही करू शकत नाही हेही मान्य. ते बोर्डाने सोडवायचं आहे. माझा आग्रह पाचवी ते नववीबद्दल आहे. तिथल्या गुणांवर कुठलाही प्रवेश अवलंबून नाही, कुठलीही यादी लागत नाही. तिथे गुण खरे ठेवले तर कुणाचं काही जात नाही, आणि खोटे ठेवले तर मुलाला सुधारायला मिळणारी पाच वर्षं जातात.

एक नमुना बऱ्याच निवडक शाळांत दिसतो, तो पालकांनी नीट समजून घ्यावा. आठवीपर्यंत सढळ हात आणि नववीत एकदम आवळलेली मूठ. आठवीपर्यंत मूल टिकवायचं असतं, कारण फी. नववीत गाळायचं असतं, कारण दहावीच्या 'शंभर टक्के निकाला'चा फ्लेक्स एसटी स्टँडसमोर लावायचा असतो. सातवीत ८८ टक्के मिळवणाऱ्या मुलीला नववीच्या सहामाहीत ४१ मिळतात आणि मग "दुसऱ्या शाळेत घाला" किंवा "१७ नंबरचा फॉर्म भरा", म्हणजे शाळेबाहेरून खासगीरीत्या दहावीला बसा, असा सल्ला येतो. मूल एका वर्षात ढ होत नाही. आधीचे ८८ खरे नव्हते, आणि कधीकधी नंतरचे ४१ सुद्धा मुद्दाम कडक तपासून दिलेले असतात.

हे तपासायला पट बघा. यूडायस, म्हणजे शाळांची माहिती ठेवणाऱ्या सरकारी नोंदणीच्या संकेतस्थळावर शाळेची इयत्तावार पटसंख्या असते. एका वर्षीची नववी आणि पुढच्या वर्षीची दहावी शेजारी मांडा. समजा नववीत ६२ आणि दहावीत ५१, तर ती ११ मुलं कुठे गेली हे विचारायला हवं. एखाद्या वर्षी बदल्या, स्थलांतर यामुळे फरक पडतो. सलग तीन वर्षं तसंच दिसलं तर तो योगायोग नसतो. सीबीएसई शाळांना संकेतस्थळावर 'अनिवार्य माहिती' या सदरात गेल्या तीन वर्षांचे दहावी-बारावीचे निकाल द्यावेच लागतात: किती नोंदवले, किती पास झाले. तो आकडा नववीच्या पटाशी जुळवा.

नियमपुस्तक

प्रवेशाच्या मुलाखतीबद्दल एक वाक्य. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १३ नुसार प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची चाळणी घेता येत नाही. पहिल्या वेळी २५ हजारांपर्यंत आणि नंतरच्या प्रत्येक वेळी ५० हजारांपर्यंत दंड आहे. 'संवाद' हे नाव दिल्याने चाळणी बदलत नाही. हा कायदा आठवीपर्यंतच्या शिक्षणाचा आहे, त्यामुळे नववीत थेट प्रवेश घेणाऱ्यांनी तो आधार धरू नये.

सुरंगी

सगळ्यांचे मनापासून आभार. आता घरी काय करायचं ते सांगाल का? मूल सातवीत असेल तर आणि नववीत असेल तर. क्लासच्या चाचण्यांवरही विश्वास ठेवावा की नाही कळत नाही, कारण क्लासचे पेपर शाळेच्या पेपरावरच बेतलेले असतात.

खडूफळा

बाहेरचा पेपर लागतो. तुमच्या शाळेशी आणि क्लासशी संबंध नसलेला, आणि उत्तरसूची उपलब्ध असलेला.

पाचवी ते आठवीसाठी महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेच्या शिष्यवृत्तीचे जुने पेपर उत्तम. परिषदेच्या संकेतस्थळावर उत्तरसूचीसह मिळतात, इंग्रजी माध्यमाचेही असतात. पेपर एकमध्ये प्रथम भाषेचे २५ आणि गणिताचे ५० प्रश्न, एकूण १५० गुण, वेळ दीड तास. सातवीच्या मुलाला पाचवीचा गणिताचा भाग द्या. हो, दोन वर्षं मागचा. पाया बघायचा आहे. ५० प्रश्नांना एक तास. चार पर्याय असतात आणि चुकीला गुण कापत नाहीत, म्हणून नुसत्या अंदाजानेही बारा-तेरा प्रश्न बरोबर येऊ शकतात. तेव्हा ५० पैकी २० ला 'चाळीस टक्के आहेत' असं समाधान मानू नका. मुलाला सांगून ठेवा, ज्याचं उत्तर ठाऊक नाही ते कोरं सोड. मग जे बरोबर येतील ते खरे. शाळेत नव्वद असणाऱ्या मुलाचे पाचवीच्या पेपरात पस्तीसच्या वर यायला हवेत. खाली आले तर कुठल्या घटकात चुका आहेत ते लिहून काढा. अपूर्णांक, मापन आणि शाब्दिक उदाहरणं, बहुतेक वेळा याच तीन ठिकाणी पाणी मुरतं.

नववीच्या शेवटी आणि दहावीला बोर्डाचा मार्चचा जुना गणिताचा पेपर घ्या. दहावीचा अर्थातच घटक शिकवून झाल्यावर. भाग एक ४० गुणांचा, दोन तास. रचना अशी: प्रश्न १ अ चार बहुपर्यायी, ४ गुण, १ ब ४ गुण, २ अ कृती ४ गुण, २ ब ८ गुण, ३ अ ३ गुण, ३ ब ६ गुण, प्रश्न ४ ला ८ गुण, प्रश्न ५ ला ३ गुण. पहिले तीन प्रश्न मिळून २९ होतात आणि शेवटचे दोन मिळून ११. तपासताना या दोन ढिगांची बेरीज वेगवेगळी करा. चौथ्या-पाचव्या प्रश्नात पुस्तकात जसंच्या तसं नसलेलं, विचार करायला लावणारं असतं. शाळेच्या नववीच्या पेपरातही हीच रचना दिसते, पण चौथा प्रश्न पाठ्यपुस्तकातल्या सोडवलेल्या उदाहरणातून उचललेला असतो. साचा बोर्डाचा आणि आत सरावातलंच. म्हणून शाळेत ३८ मिळतात.

२९ पैकी २६ आणि ११ पैकी २ आले तर मूल मेहनती आहे, शिकवलेलं करतं, पण अनोळखी प्रश्नाची सवय नाही. ती सवय वर्षभरात लागते. २९ पैकीच १५ आले तर मात्र शाळेचे गुण बाजूला ठेवून आठवीपासून सुरुवात करावी लागेल. दोन्ही मुलांच्या प्रगतिपुस्तकावर नव्वदच असतात, हीच खरी अडचण आहे.

तपासताना पायरीला गुण द्या. उत्तर चुकलं म्हणून शून्य देऊ नका, रीत नसताना नुसत्या उत्तराला पूर्णही देऊ नका. शक्य असेल तर दुसऱ्या शाळेतल्या ओळखीच्या शिक्षकांकडून तपासून घ्या. आईवडील तपासतात तेव्हा एकतर फार सढळ किंवा फार कडक होतात.

बेरीज_वजाबाकी

सीबीएसईवाल्यांसाठी: बोर्डाचे नमुना पेपर गुणदान योजनेसह शैक्षणिक विभागाच्या संकेतस्थळावर असतात. दहावी गणितात ३८ प्रश्न: एक गुणाचे २०, दोन गुणांचे ५, तीन गुणांचे ६, पाच गुणांचे ४ आणि परिच्छेदावर आधारित चार गुणांचे ३. त्या शेवटच्या १२ गुणांत मुलाला परिस्थिती वाचून गणित मांडावं लागतं, तिथे लक्ष द्या. नववी-दहावीच्या पेपरात निम्मे गुण क्षमताधारित प्रश्नांना, म्हणजे शिकलेलं नव्या परिस्थितीत वापरायला लावणाऱ्या प्रश्नांना, असावेत असं बोर्डाचंच परिपत्रक सांगतं. शाळेचा सहामाहीचा पेपर हातात घेऊन असे प्रश्न मोजा. ८० पैकी ४० च्या आसपास आहेत की १० आहेत? हा प्रश्न सभेत विचारला तर कुणाला राग येण्याचं कारण नाही, कारण तो कुठल्याच मुलाबद्दल नाही.

कातळसडा

बारावीबद्दल थोडं. विज्ञानात ७० लेखी, ३० प्रात्यक्षिक आणि प्रात्यक्षिकाला बहिःस्थ परीक्षक येतो. तो शेजारच्या कॉलेजातलाच असतो आणि पुढच्या आठवड्यात तुमचे शिक्षक त्याच्याकडे जाणार असतात. २८, २९, ३० यांच्या रांगा लागतात त्या अशा. पण इथे पुढचा हिशेब वेगळा आहे. अभियांत्रिकीला एमएचटी-सीईटीचं पर्सेंटाइल, वैद्यकीयला नीट. बारावीचे गुण पात्रतेपुरते. सीईटीत गणिताचा प्रश्न दोन गुणांचा आणि वीस टक्के अकरावीवरचे असतात. म्हणजे शाळा-कॉलेजच्या गुणांनी दडवलेली कच्ची बाजू दोन वर्षांत उघडी पडतेच, आणि तेव्हा कोल्हापूर, पुणे किंवा लातूरच्या क्लासची फी भरायची वेळ आलेली असते.

खाडीकाठ

खडूफळा सर, पाचवी ते नववीपुरतं तुमचं म्हणणं पटलं. पण दहावीचे २० 'बोर्ड बघेल' म्हणून सोडून द्यायचे, हेही मनाला पटत नाही. आज मीच त्याची बाजू घेतली होती, तरी. ज्या मुलाने खरोखर प्रकल्प केला आणि ज्याने आदल्या रात्री वहीतून उतरवला, दोघांना २०, हे मुलांना दिसतं.

नियमपुस्तक

शाळेकडे काय मागायचं ते लिहिते. पालक-शिक्षक संघ हा मार्ग आहे. शुल्क विनियमन कायदा, २०११ नुसार प्रत्येक शाळेत तो स्थापन करावा लागतो. कार्यकारी समितीत प्रत्येक इयत्तेचा पालक चिठ्ठीने निवडला जातो आणि तीन महिन्यांतून किमान एक सभा होते. कायदा फीचा आहे, पण समिती एकत्र बसते तेव्हा मूल्यमापनाचा विषय पत्राने मांडायला अडचण नाही. एकट्या पालकाचं पत्र नको. एका इयत्तेतल्या आठ-दहा पालकांच्या सह्या असल्या की कुठल्या एका मुलाकडे बोट जात नाही.

पत्रात आरोप नको, मागण्या हव्यात. प्रत्येक परीक्षेनंतर ठरलेल्या मुदतीत तपासलेली उत्तरपत्रिका आणि प्रश्नपत्रिका दोन दिवस घरी द्यावी. प्रगतिपुस्तकावर लेखी आणि अंतर्गत गुण स्वतंत्र रकान्यांत लिहावेत. अंतर्गत २० गुण कशाला किती, हे जूनमध्येच लेखी कळवावं. वर्गाचे गुण नावांशिवाय सांगावेत: सर्वांत कमी, मधला, सर्वांत जास्त. 'मधला' आवर्जून मागा. वर्गातल्या मधल्या मुलाला ९१ असतील तर तुमच्या मुलाच्या ९२ चा अर्थ लगेच कळतो.

पाचवी मागणी सर्वांत उपयोगाची: सहामाहीची प्रश्नपत्रिका बाहेरून घ्यावी. बऱ्याच जिल्ह्यांत-तालुक्यांत मुख्याध्यापक संघ सामाईक प्रश्नपत्रिका काढतात. ती नको असेल तर दोन शाळांनी आपसांत पेपर बदलावेत. खर्च नाही, जास्तीचं काम नाही.

काय मागू नये तेही सांगते. इतर मुलांच्या उत्तरपत्रिका मागू नका, त्या मिळणार नाहीत आणि मिळूही नयेत. विशिष्ट शिक्षकाचं नाव पत्रात घालू नका.

बोर्डाच्या निकालानंतरची बाजू वेगळी आहे. राज्य मंडळात अलीकडच्या वर्षांत गुणपडताळणीला विषयामागे ५० रुपये, छायाप्रतीला ४०० आणि पुनर्मूल्यांकनाला ३०० आहेत. पुनर्मूल्यांकनाआधी छायाप्रत घ्यावीच लागते, आणि ती मिळाल्यापासून कामकाजाच्या पाच दिवसांत अर्ज करावा लागतो. हे सगळं लेखी ८० बद्दल. अंतर्गत गुण त्यातून बदलत नाहीत. स्वतःची उत्तरपत्रिका पाहण्याचा परीक्षार्थीचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सीबीएसईच्या प्रकरणात मान्य केला आहे, पण तो बोर्ड या सार्वजनिक प्राधिकरणाबाबत. विनाअनुदानित खासगी शाळेला थेट माहिती अधिकार लावता येत नाही. मात्र शाळेने शिक्षण खात्याकडे जे सादर केलेलं असतं किंवा कायद्याने खातं जे मागवू शकतं, ते जिल्हा परिषदेतल्या शिक्षणाधिकारी (माध्यमिक) कार्यालयाकडून कलम २(च) च्या आधारे मागता येतं. अर्ज १५० शब्दांत, एकाच विषयावर, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, मुदत ३० दिवस. हा शेवटचा मार्ग ठेवा. पत्राला उत्तरच आलं नाही तर.

ओहोळ

उत्तरपत्रिका घरी देत नाहीत, "शाळेत येऊन बघा" म्हणतात. बघायला पंधरा मिनिटं आणि मागे वीस पालक उभे. मग?

खडूफळा

तरी जा. पंधरा मिनिटांत सगळे विषय बघू नका, एकच घ्या, गणित किंवा विज्ञान. आधी शेवटची दोन पानं उघडा, कारण अवघड प्रश्न आणि घाई दोन्ही तिथेच असतात. प्रश्न अर्धा सोडलेला असून पूर्ण गुण दिलेत का? खोडून वाढवलेल्या बेरजेशेजारी तपासणाऱ्याची सही आहे का? दीर्घोत्तरी उत्तरं शब्दशः वहीतल्यासारखी आहेत का? यातलं जे दिसेल ते कागदावर टिपून घ्या, तिथे वाद घालू नका. प्रश्नपत्रिका मात्र मुलाकडेच असते, ती घरी जपून ठेवा. पहिली चाचणी, सहामाही, दुसरी चाचणी आणि वार्षिक अशा चारही प्रश्नपत्रिका एकत्र ठेवल्या की कुठला धडा वर्षभरात एकदाही विचारला गेला नाही ते दहा मिनिटांत समजतं. त्या धड्याची दोन उदाहरणं मुलाला घालून बघा.

सुरंगी

पत्राचा मसुदा या आठवड्यात करून इथेच टाकते. सहामाही दिवाळीच्या सुट्टीआधी संपते, म्हणजे पत्र गणपतीनंतर लगेच गेलं तर प्रश्नपत्रिका छापायला जाण्याआधी शाळेच्या हाती पडेल. सिंधुदुर्गात कुठल्या तालुक्यात मुख्याध्यापक संघाची सामाईक प्रश्नपत्रिका आठवी-नववीसाठीही निघते का, हे कोणाला ठाऊक असेल तर कृपया लिहा. नियमपुस्तक, 'मधला गुण' शाळेने कसा काढायचा ते एका ओळीत द्याल का? मसुद्यात घालायचं आहे.

नियमपुस्तक

वर्गातले गुण चढत्या क्रमाने लिहायचे आणि बरोबर मधला घ्यायचा. ४१ मुलं असतील तर २१ वा. ४० असतील तर २० व्या आणि २१ व्याची सरासरी. गैरहजर मुलं आधी वगळायची, आणि पुनर्परीक्षेचे गुण धरायचे नाहीत, पहिल्या वेळचेच धरायचे. हे शेवटचं वाक्य मसुद्यात नक्की घाला. तेवढं नसेल तर आकडा परत वर जातो.